घर क्रमांक अकरा अ

मी दुसरं घर घेतलंय, ही बातमी मला आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीकडून कळली. ती ऐकून आईला धक्का बसला, मुलांना बसला, शेजाऱ्यापाजाऱ्यांना तर बसलाच बसला. पण सगळ्यात जबर धक्का बसला तो मला. आमचं पहिलं घर, म्हणजे जे खरोखरच आहे ते, घेताना माझी जी दमछाक झाली ती आठवली की मला अजून धाप लागते. अशा माणसानं कुणाला न सांगता, स्वतःलासुद्धा न सांगता, दुसरं घर घ्यावं म्हणजे कमालच म्हणायची.

हे सगळं झालं एका टेबलापायी. तेव्हा टेबलापासूनच सांगतो.

आम्ही घरात माणसं पाच. मी, बायको, माझी आई, कॉलेजात जाणारे चिरंजीव आणि शाळेतली कन्या. जेवायचं टेबल एकच, भिंतीला बिजागऱ्यांनी लावलेलं. खाली पाडलं की दोन माणसांचं, आणि माणसं किडकिडीत असली तर अडीच माणसांचं. त्यामुळे आमच्याकडे रोजच पंगती उठतात. पहिली पंगत आई आणि कन्येची, दुसरी माझी आणि चिरंजीवांची. बायकोची तिसरी पंगत ओट्याशी, उभ्यानं, एका हातात ताट धरून. बावीस वर्षं हे असंच चाललं होतं आणि खरं सांगायचं तर मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. 'ती नंतर जेवते' हे वाक्य आमच्या घरात 'पंखा दोनवर ठेवा' इतक्याच सहजपणे म्हटलं जायचं.

एका रविवारी ओटा पुसता पुसता ती म्हणाली, "मला टेबल हवंय. सहा माणसांचं."

"आपण तर पाच आहोत," मी म्हणालो.

"कधी कुणी येतं. आणि मला तुम्हा सगळ्यांबरोबर बसून जेवायचंय. एकदा तरी."

'एकदा तरी' म्हणताना तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. चढलेल्या आवाजाला तोंड द्यायचा मला सराव आहे. मी तिथल्या तिथे शब्द देऊन बसलो की महिन्याभरात टेबल येईल.

दुसऱ्या दिवशी फर्निचरच्या दुकानात गेलो आणि सहा माणसांच्या टेबलाची किंमत विचारली. ती ऐकून मला त्याच टेबलाचा आधार घ्यावा लागला. दुकानदारानं पाणी दिलं. पाणी पिऊन मी बाहेर पडलो तो थेट जुन्या बाजाराच्या दिशेनं.

इथे एक खुलासा करायला हवा. जुन्या वस्तूंचं मला वेड आहे, असं बायको म्हणते. मी त्याला दृष्टी म्हणतो. लोक ज्याला अडगळ म्हणतात त्यात मला दिवाणखाना दिसतो. बंद पडलेल्या एका सलूनमधली खुर्ची मी वाचायला म्हणून आणली. ती आरामशीर आहे यात वाद नाही, पण तीत बसलेला प्रत्येक पाहुणा आपोआप मान मागे टाकतो आणि गप्प होतो. एका औषधांच्या दुकानातलं साठ खणांचं कपाट मी मिळवलं. स्वयंपाकघरात ते किती शोभून दिसतं म्हणून सांगू! फक्त साखर ज्या खणात मावली त्यावर जुन्या, ठसठशीत अक्षरांत 'विष' लिहिलेलं आहे. ती अक्षरं खरवडणं म्हणजे वस्तूचं वय पुसणं, म्हणून मी ती ठेवली. तेव्हापासून आमच्याकडे बहुतेक लोक बिनसाखरेचा चहा मागतात. त्यातही बचतच आहे.

तर गावाबाहेरच्या रस्त्याला जुन्या लाकडाची एक वखार आहे. पाडलेल्या इमारतींची दारं, खिडक्या, जिने, कठडे तिथे एकमेकांना टेकून उभे असतात. वखारवाल्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मी टेबलाचं नाव काढताच त्यानं ओळखलं की माणूस फसायला आलाय.

"टेबल करायचंय ना? मग हे दार घ्या," तो म्हणाला. "जुन्या कचेरीचं आहे. अस्सल साग. आता असं लाकूड शोधून सापडायचं नाही."

दार खरोखर देखणं होतं. पुरुषभर उंच, त्यावर आणखी हातभर. पितळी कडी आणि आत बसवलेलं जाडजूड कुलूप.

"किल्ली?"

"किल्ली कसली? साहेब गेले, किल्लीही गेली. आणि टेबलाला किल्ली लागते कशाला?"

या मुद्द्यावर माझं समाधान झालं. मग तो जरा पडेल आवाजात म्हणाला, "फक्त चौकटीसकट न्यावं लागेल. बिजागऱ्या गंजून चौकटीत मुरल्यात. तुमचा सुतार सोडवील. चौकटीचे पाय होतील, तेही फुकटात."

'फुकट' हा शब्द ऐकला की माझी विचारशक्ती रजेवर जाते. तरीही मी मोजमाप केलं. मी सव्वीस वर्षं एका कचेरीच्या आवक-जावक विभागात आहे. आलेल्या कागदाला नंबर द्यायचा, गेलेल्या कागदाला नंबर द्यायचा. मधल्या काळात त्या कागदाचं काय होतं, हे आमच्या विभागानं विचारायचं नसतं. मोजमापही मी याच पद्धतीनं केलं. वखारीतलं दार मोजलं, जेवणघरातली जागा मोजली, आणि मधलं काही मोजलं नाही.

चार हमालांनी ते दार तिसऱ्या मजल्यावर आणलं. वाटेत त्यांनी माझ्याबद्दल जे उद्गार काढले ते सोडून देऊ. आमच्या घराचं दार उघडलं की दोन पावलांवर भिंत आणि तिथून डावीकडे वळण. कचेरीचं दार उभं घातलं, आडवं घातलं, तिरकं घातलं, ते वळेना. तोवर जिन्यात मंडळी जमली. खालच्या मजल्यावरचे इंजिनियरकाका निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे सल्ल्यांचा फार मोठा साठा शिल्लक आहे. ते म्हणाले, "पंचेचाळीस अंशांत धरा. मग भिंत पाडा."

शेजारच्या बारा नंबरच्या वहिनी मनानं फार चांगल्या. त्या म्हणाल्या, "भावजी, आमच्या घरातून न्या. आमचा बोळ रुंद आहे."

"पण वहिनी, तुमच्या-आमच्या घरात भिंत आहे ना."

"हो, ती आहेच," त्या म्हणाल्या, आणि आपण मदत केल्याच्या समाधानानं आत गेल्या.

शेवटी हमालांनी ते दार, चौकटीसकट, आमच्या अकरा नंबरच्या आणि वहिनींच्या बारा नंबरच्या दारांमधल्या रिकाम्या भिंतीला टेकवून उभं केलं आणि ते गेले. सुतार आला की तिथेच चौकट सोडवायची आणि फळ्या आत न्यायच्या, असं ठरलं. सुतार म्हणाला, गुरुवारी येतो. त्यावर तीन गुरुवार गेले.

बायको मात्र खूश होती. घरात आलं नाही म्हणून काय झालं, आपलंच आहे ना, असं म्हणून ती रोज दुपारी त्या दाराला तेल लावायची. कडी तिनं अशी घासली की तीत तोंड दिसायला लागलं. एका संध्याकाळी मी कचेरीतून आलो तर ती उभ्या दारावर बोट ठेवून कन्येला सांगत होती, "इथे आजी. इथे तुम्ही दोघं. इथे तुझे बाबा. आणि इथे, मधोमध, मी." मला तेव्हा स्वतःचा जरा अभिमानच वाटला.

पण झालं काय, तेलपाण्यानं ते दार इतकं उजळलं की इमारतीतलं सगळ्यात राहतं घर तेच वाटायला लागलं. दूधवाला त्याच्यापुढे पिशवी ठेवून जाऊ लागला. कुरियरवाले कडी वाजवायचे, वाट बघायचे आणि 'घरी कोणी नव्हते' अशी चिठ्ठी फटीतून आत सरकवायचे. एकदा आवाज ऐकून आईनं आमचं दार उघडलं तर झाडू विकणारा तिला म्हणाला, "आजी, तुमचं नाही, शेजारचं वाजवतोय."

याच सुमारास नगरपालिकेची घरमोजणी निघाली. मोजणी कारकुनांची कामाची पद्धत फार सरळ असते. माणसं खोटं बोलतात, दारं बोलत नाहीत. म्हणून ते दारं मोजतात. मी संध्याकाळी घरी आलो तर भिंतीला टेकवलेल्या त्या जुन्या दारावर लाल रंगात '११अ' असा आकडा आणि त्याखाली 'बंद' असं लिहिलेलं. माझ्या हातातली पिशवी गळून पडली.

"आई, कुणी आलं होतं का?"

"आला होता एक जण. हे कुणाचं म्हणून विचारत होता. मी म्हटलं, माझ्या मुलाचं."

"आई!"

"मग? तुझंच आहे ना दार?"

या उत्तरात चूक काढता येईना. रात्रीच्या आत सेक्रेटरी रजिस्टर घेऊन हजर झाला. सोसायटीला न कळवता सदनिका घेतल्याबद्दल त्यानं प्रथम निषेध नोंदवला आणि मग, हा माणूस मला पंधरा वर्षं ओळखतो, मला जिन्याच्या कोपऱ्यात नेऊन खालच्या आवाजात विचारलं, "वहिनींना माहीत आहे का?"

"काय?"

"कोण राहतं तिथे ते."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. आयुष्यभर ज्यानं डब्यातला सोडून दुसरा घासही घेतला नाही, त्या माणसावर हा आळ! दोन दिवसांत बातमी कचेरीत पोहोचली. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून, आवक-जावक विभागात दुसरं घर होण्याइतकी आवक कुठून होते, असं हसत हसत विचारलं. ते हसणं मला आवडलं नाही. मेहुण्यानं आपल्या बहिणीला फोन करून अर्धा तास धीर दिला. ती नुसती 'हं, हं' करत होती आणि पदर तोंडाला लावून हसत होती. तिला हसू येतं हे पाहून मला आणखीच धक्का बसला. निदान थोडा संशय तरी घ्यायचा.

आठवड्याभरानं नगरपालिकेची नोटीस आली. 'भोगवटादार, घर क्रमांक ११अ, यांस.' घर तीन वेळा बंद आढळले, तरी करआकारणीसाठी सात दिवसांत हजर व्हावे.

आता इथे शहाण्या माणसानं काय केलं असतं? नोटीस घेऊन तडक गेला असता आणि म्हणाला असता, अहो, ते दार आहे, घर नाही. मी शहाणा नाही, मी कारकून आहे. सरकारी कागद हातात पडला की माझा हात आपोआप चालायला लागतो. मी नोटिशीला आवक क्रमांक दिला, तारीख टाकली आणि कोरा ताव घेऊन लिहिलं:

'विषय : घर क्रमांक ११अ. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर घरात कोणीही राहत नाही. सदर घर बंद असण्याचे कारण सदर घरास आतील बाजू नाही. सदर घराचे दार तूर्त भिंतीस टेकविण्यात आले असून, सुतार उपलब्ध होताच त्याचे टेबल करण्यात येईल. तरी नोंद रद्द व्हावी, ही विनंती.'

पत्र झकास उतरलं. राहिली सही. सव्वीस वर्षांत मी कचेरीत एकदाही स्वतःपुरती सही केलेली नाही. जो जागेवर नसेल त्याच्याकरिता मी सही करतो, तोच माझा हुद्दा. हात सवयीनं चालला आणि खाली लिहून गेला: 'भोगवटादार, ११अ, यांच्याकरिता.' मी सही केली, जावक क्रमांक टाकला आणि पत्र टपालात सोडलं. रात्री अगदी शांत झोप लागली.

उत्तर चौथ्या दिवशी आलं. नगरपालिकेनं चौथ्या दिवशी उत्तर दिलं हाच मुळात एक धक्का होता. त्यात लिहिलं होतं की, आपल्या पत्रावरून आपण भोगवटादारांचे अधिकृत प्रतिनिधी असल्याचे दिसून येते. आपण 'सदर घर' असे चार वेळा लिहून घराचे अस्तित्व मान्य केले आहे. तसेच घराच्या दाराचे टेबल करणे हा विनापरवाना वापरबदल ठरतो, याची नोंद घ्यावी.

मी ते पत्र तीन वेळा वाचलं आणि प्रत्येक वेळी ते जास्त बरोबर वाटत गेलं.

रजा टाकून मी नगरपालिकेत गेलो. खिडकीतल्या बाईंनी माझा क्रमांक पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"तुम्हीच का ते? काय सुरेख पत्र लिहिलंत हो! आम्ही साहेबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. हल्ली असा मसुदा कुणाला जमतो?"

सांगायला लाज वाटते, पण मी फुललो. दोन मिनिटं मी कशासाठी आलोय तेच विसरलो. मसुदा करताना समास किती सोडावा यावर आमचं बोलणं झालं. मग मी म्हणालो, "पण बाई, ते घर नाहीच आहे."

"मग नोंद रद्द करू की. घर पाडल्याचा दाखला आणा."

"जे नाहीच ते पाडू कसं?"

"नाहीच आहे तर पाडायला अडचण कसली?" त्या अत्यंत मायेनं म्हणाल्या. "नाहीतर असं करा, पाहणीचा अर्ज द्या. निरीक्षक येऊन बघतील. अर्जही तसाच छान लिहा हं."

मी लिहिला. तो इतका छान झाला की निरीक्षक पाचव्या दिवशीच आले.

निरीक्षक म्हणजे बगलेत फाइल धरलेले, कुणावरही विश्वास न टाकणारे गृहस्थ. त्यांनी आधी दारावरचा आकडा तपासला. मग कडी वाजवली. थांबले. पुन्हा वाजवली आणि आत हाक मारली, "कोण आहे का घरात?"

सगळा मजला उत्तराची वाट पाहू लागला. देवाशपथ सांगतो, मीसुद्धा क्षणभर कान दिला.

"साहेब," मी म्हणालो, "पाठीमागे भिंत आहे."

"मग उघडून दाखवा."

"कुलूप आहे."

"किल्ली द्या."

"माझ्याकडे नाही."

"म्हणजे दार तुमचं आणि किल्ली दुसऱ्याकडे. भाडेकरू ठेवलाय?"

"अहो, बाजूनं बघा ना! नुसतं टेकवलंय."

ते वाकले, बाजूनं पाहिलं, खिशातून टेप काढला. "भिंतीच्या चार इंच बाहेर. वाढीव बांधकाम."

"पाच इंच," जिन्यातून इंजिनियरकाका म्हणाले. त्यांना चुकीचं मोजमाप सहन होत नाही.

निरीक्षकांनी चाराचे पाच केले, काकांचे आभार मानले आणि दारावर, एक टोक फळीला आणि दुसरं चौकटीला, अशी कागदाची पट्टी चिकटवून वर लाखेचे ठसे उठवले. शेजारी सूचना लावली: 'दार उघडू नये. सील तोडू नये. तोडल्यास कारवाई होईल.' फेरपाहणी पुढच्या शनिवारी दुपारी, असं सांगून ते वळले, आणि त्याच घटकेला जिन्यातून वर आला आमचा सुतार. त्या दिवशी गुरुवार होता. त्यानं सूचना वाचली, करवतीची पिशवी पुन्हा खांद्याला लावली आणि म्हणाला, "सरकारी लाखेला मी हत्यार लावत नाही, साहेब." तो उतरून गेलासुद्धा.

बायको उंबऱ्यात उभी राहून हे सगळं बघत होती. आत गेल्यावर तिनं एवढंच विचारलं, "म्हणजे टेबल नाही?"

"तसं नाही. फेरपाहणीनंतर अपील करता येतं. अपिलात..."

"कळलं," ती म्हणाली.

त्या रात्री दुसऱ्या पंगतीला मी बसलो. पाठीमागे ओट्याशी तिच्या जेवणाचा, ताटाचा बारीक आवाज येत होता. बिजागरीचं टेबल भिंतीकडे तोंड करून आहे, त्यामुळे ओटा आमच्या पाठीशी येतो. तो आवाज मी बावीस वर्षं ऐकत आलो होतो आणि एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं. त्या रात्री वळलो तोवर तिचं ताट घासून पालथं घातलेलं होतं आणि ती दुधाचं पातेलं झाकत होती. नगरपालिकेनं मला जे काही धक्के दिले होते त्यांतला एकही इतका आत लागला नव्हता. मला स्वतःची शरम वाटली.

पुढच्या शनिवारी सकाळी ती चष्मा लावून सूचनेपुढे उभी होती.

"मी वाचलंय ते," मी म्हणालो. "दहादा वाचलंय. पळवाट नाही."

"उघडू नये, तोडू नये," तिनं बोट फिरवत वाचलं. "आडवं करू नये असं कुठे लिहिलंय?"

मी आ वासून उभा राहिलो. सव्वीस वर्षं कागद वाचून पोट भरणारा मी! पट्टी फळीवर आणि चौकटीवर होती. भिंतीचा तिच्याशी काडीचा संबंध नव्हता. दार चौकटीसकट चंद्रावर नेलं असतं तरी सील शाबूत राहिलं असतं.

"आज दुपारी निरीक्षक येणार आहेत," मी म्हणालो.

"येऊ देत. जेवायची वेळ आहे."

मग तिनं हुकूम सोडायला सुरुवात केली. चिरंजीवांना उठवलं. बारा नंबरच्या वहिनींकडून दोन बाकं आली. इंजिनियरकाकांना 'तुम्ही नुसतं सांगू नका, धरा' असं तिनं तोंडावर सांगितलं, आणि काकांनी खरोखरच धरलं. सेक्रेटरी जिन्यात सामान ठेवायला हरकत घ्यायला आला होता. त्याला एक कोपरा मिळाला. "सांभाळून! पट्टीला हात लावायचा नाही!" असं ती ओरडत होती आणि आम्ही चौघं घामाघूम होऊन ते कचेरीचं दार बाकांवर आडवं करत होतो.

दार हललं आणि मागची भिंत उघडी पडली. एक जळमट, आणि खाली कुरियरच्या चिठ्ठ्यांचा ढीग. सगळे बघत राहिले. सेक्रेटरी पुढे झाला, भिंतीला दोन्ही हात लावून त्यानं चाचपलं.

"मग घर?" तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी खोल गेला होता.

"आमचं घर हे," बायको अकरा नंबरकडे बोट दाखवत म्हणाली. "आणि आता आम्हाला जेवायचंय."

खुर्च्या बाहेर आल्या, आई एका टोकाला बसली, मुलं बसली, मी बसलो. बायकोनं भांडी मधोमध आणून ठेवली, सीलपासून वीतभर दूर, आणि जाहीर केलं, "आज ज्यानं त्यानं आपापलं वाढून घ्यायचं." मग तिनं खुर्ची ओढली आणि ती बसली.

पहिला घास उचलला आणि जिन्यात निरीक्षक दिसले. माझा घास हातातच राहिला. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं, फाइल उघडली, मिटली. मग वाकून, दोन ताटांच्या मधून, लाखेचा एकेक ठसा तपासला.

"सील शाबूत आहे," ते स्वतःशीच म्हणाले. "दार शाबूत आहे. घर कुठे गेलं?"

त्यांनी भिंत पुन्हा एकदा न्याहाळली.

"भाऊ, तुम्ही जेवलात का?" बायकोनं विचारलं.

या प्रश्नाची त्यांच्या नोकरीत त्यांना सवय नसावी. ते गडबडले. "नाही, पण... मी कामावर आहे."

"मग बसून करा की काम. सहावी जागा मोकळीच आहे."

ते बसले. वाढून घेण्याआधी त्यांनी फाइल मांडीवर घेऊन बराच विचार केला. घर नव्हतंच असं लिहावं तर मोजणी चुकली, पाडलं असं लिहावं तर सील शाबूत. शेवटी त्यांनी एक ओळ लिहिली आणि मला वाचायला दिली. 'घर क्रमांक ११अ हे पाहणीच्या वेळी जागेवर आढळले नाही. नोंद रद्द करावी.' मसुदा म्हणून मला तो अजोड वाटला. मी तसं म्हणालोही. त्यांनी लाजून मान खाली घातली आणि जेवायला सुरुवात केली.

आमची जेवणं पंधरा मिनिटांत आटोपली. आई उठायच्या बेतात होती, चिरंजीवांनी खुर्ची मागे सरकवली, मी हात धुवायला वळलो आणि थबकलो. बायकोचं ताट अजून अर्धंही झालं नव्हतं. ती एकेक घास नीट करत होती, चावत होती, मध्येच कन्येच्या शाळेतलं काही विचारत होती, उत्तर पुरतं ऐकून घेत होती आणि मग पुढचा घास घेत होती. आमच्या घरातलं सगळ्यात झटपट जेवणारं माणूस म्हणजे ती, असं मी जगाला सांगत आलो होतो.

"ही एवढी सावकाश जेवते?" आई माझ्याकडे बघून म्हणाली.

मला काय माहीत असणार! आम्ही सगळे पुन्हा खाली बसलो. निरीक्षकसुद्धा. हात वाळवत आम्ही तिचं जेवण बघत राहिलो. तिला त्याचं काही वाटलं नाही. थोड्या वेळानं तिनं ताट माझ्यापुढे केलं.

"वाढा थोडी भाजी."

मी पळी उचलली आणि माझा हात तसाच अधांतरी राहिला. आईला किती लागतं ते मला ठाऊक होतं, मुलांचं ठाऊक होतं, साहेबांच्या चहात साखर किती तेही ठाऊक होतं.

"किती वाढू?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "वाढत राहा," ती म्हणाली. "मी सांगेन तेव्हा थांबा."